तुझ्या वाटची प्रार्थना

शमू, परवाच्या रविवारी तुझी स्मरणसभा झाली. चर्च भरलं, मग ओटा भरला, मग माणसं रस्त्यापर्यंत उभी राहिली. वाळवा तालुक्यातल्या आपल्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतून हौसाबाई आणि तात्याबा सर्व्हिस मोटारीत उभ्यानं सांगलीला आले होते. इथल्या चर्चचे पंच भास्करराव बोलायला उठले. त्यांचं बोलणं सुरू झालं की तू मला डोळ्यांनी खुणावायचास, आक्का, आज कालवण करपणार. ते म्हणाले, पाळकसाहेबांनी आपल्याला देवाशी बोलायला शिकवलं आणि स्वतः शेवटच्या श्वासापर्यंत देवाशी बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना आपण सगळ्यांनी पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आक्काबाई साक्षीला आहेत.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर सारखा केला आणि खाली बघत बसले. मी रडते आहे असं वाटून हौसाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडत नव्हते रे. मला तुझा राग आला होता. आपण निघून जायचं आणि साक्षीला मला बसवायचं, ही कुठली रीत झाली? खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मातीत.

म्हणून आज दौत-टाक आणि कागद घेऊन बसले आहे. गेलेल्या माणसाशी बोलू नये, हे तुझंच शिकवणं. भाद्रपदात पितरांना घास टाकणाऱ्या आपल्या मंडळीतल्या बायांना तू किती समजावायचास. गेलेलं माणूस देवाच्या हातात आहे, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याच्यासाठी देवाकडे मागायचंही नाही, मागायचं असेल ते जिवंतपणी मागून घ्या, असं सांगायचास. मी मागच्या चटईवर बसून मान डोलवायचे. मान डोलवायला माझं काय जात होतं? आता माझ्यावर आलं तेव्हा कळतंय, तू दार कुठे लावून ठेवलंस ते.

आपल्या घरात देवाशी बोलायची पद्धतच नव्हती. आठवतं ना, साताऱ्याच्या मिशनच्या बंगल्यावर आपले वडील, दादा, गाडीवान होते. जेवायच्या आधी ते मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवायचे, डोळे गच्च मिटायचे आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकायचे. साहेबानं हाक मारली की ते जसे ताठ व्हायचे तसेच देवापुढे व्हायचे. तू एकदा मधेच डोळे उघडून बघितलंस आणि त्यांच्या हातचा रट्टा खाल्लास. मला तर कितीतरी वर्षं वाटायचं की देव बंगल्याच्या मागच्या बाजूला कुठेतरी राहतो आणि आपण व्हरांड्याच्या खालीच थांबायचं असतं.

मग माझ्या नवऱ्याची बातमी आली. पहिल्या लढाईत बसऱ्याला गेलेली साताऱ्याकडची कितीतरी माणसं परत आली नाहीत, त्यातले ते एक. सासरच्यांनी माझ्यात काही उणं बघितलं नाही, पण मीच त्या घरात बसून दगड झाले. पाठ केलेली प्रार्थनासुद्धा बंद केली. तू तेव्हा धर्मशिक्षणाच्या शाळेतून सुटीला आला होतास. मला आणायला आलास, आणि माहेरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी धुण्याची पाटी स्वतः उचलून माझ्याबरोबर नदीवर आलास. बायका हसल्या, पाद्री होणारा पोरगा धुणं घेऊन चाललाय. तू खडकावर बसलास आणि म्हणालास, बोल त्याच्याशी. मी म्हटलं, काय बोलू? तू म्हणालास, "जे पोटात हाय ते बोल. शिव्या असतील तर शिव्या दे. पन तोंड फिरवून बसू नगंस, आक्का."

मग मी बोलले. लुगडं आपटत आपटत बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, खालच्या अंगाला धुणाऱ्या बायका आपापली धुणी घेऊन आणखी लांब गेल्या एवढं सांगते. आणि दमून थांबले तेव्हा मला वाटलं की कुणीतरी ऐकत होतं. कसं ते मला सांगता यायचं नाही. कुणी उत्तर दिलं नाही, काही दिसलं नाही. एकट्यानं जेवताना घास उतरत नाही आणि समोर कुणी नुसतं येऊन बसलं तरी उतरतो, तेवढंच झालं. त्या दिवसापासून माझं बोलणं सुटलं ते सुटलं. पीठ मळताना, दिव्याची काच पुसताना, रेशनच्या रांगेत उभी असताना मी त्याचं डोकं खात आले. ही माझी सगळी कमाई, शमू, आणि ती तू दिलेली.

तुला पाळक करून इस्लामपुराजवळच्या त्या गावात नेमलं आणि मी तुझ्या घरात राहायला आले. आधी तू, तुझी बायको मार्था आणि मी, आणि मग मार्था गेल्यावर तू आणि मी. ओढ्याकडची वस्ती आपली. देवळाच्या पायरीच्या अलीकडे उभं राहून ज्यांच्या पिढ्या गेल्या अशी माणसं. त्यांना तू सांगायचास की देवाला अर्ज करू नका, अर्ज मामलेदाराला करतात. घरात आल्यावर बापाशी बोलता तसं बोला. ते त्यांना पटायचं, पण जमायचं नाही. तात्याबाचं आठवतं? मामलेदार कचेरीत हेलपाटे घालून घालून त्याला अर्जाची भाषा पाठ झाली होती. पहिल्या दिवशी प्रार्थनेला उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, मी तात्याबा रामा, राहणार ओढ्याकडची वस्ती, तालुका वाळवा, जिल्हा सातारा, सादर अर्ज करतो की. मिशनचे साहेब त्या दिवशी पाहुणे आलेले. त्यांच्या मिशा हलल्या. मला हसू आवरेना म्हणून मी तोंडात पदर घातला. तू मात्र डोळे मिटून शांत बसलास, आणि साहेबांनी मागाहून विचारलं तेव्हा म्हणालास की साहेब, ह्या माणसाला आजवर कुणी त्याचा पत्ता विचारला नाही, देवाला तरी कळू दे वाळवा तालुका कुठे आहे.

हौसाबाई दुसऱ्या टोकाची. तिला तोंड उघडायचीच खोटी होती. शेळी, जावई, जावयाची आई, छपराचं पाणी, सगळं त्याच्यापुढे ओतायची आणि मधेच, ऐकतोस न्हवं, म्हणून दटावायची. जे लाजरे होते त्यांच्यासाठी तू एक सोय काढलीस. साखळी प्रार्थनेला सगळ्यांनी गोल बसून हात धरायचे, एकामागून एक बोलायचं, आणि ज्याला बोलवत नसेल त्यानं शेजारच्याचा हात नुसता दाबायचा की पुढचा बोलायला लागेल. कुणी का म्हणून विचारायचं नाही. आपल्या मंडळीत हे इतकं रुळलं की पोरं खेळतानासुद्धा राज्य नको असेल तर हात दाबायची.

आणि तू स्वतः? तू सायकलवर बोलायचास. इस्लामपुरापासून गावापर्यंतचा रस्ता, दोन्हीकडे ऊस, आणि पाळकसाहेब मोठमोठ्यानं बोलत पायडल मारतायत. गुऱ्हाळावरची माणसं म्हणायची, पाद्रीसाहेब आज कुणावर तापलेत? बेचाळीसच्या चळवळीतली पोरं उसात लपायची आणि पोलीस शोधायला यायचे, त्या दिवसांत एका हवालदारानं तुला अडवून विचारलं होतं की कुणाला इशारा देतोस. तू त्याला खरं सांगितलंस. त्यानं तुला वेडा समजून सोडून दिलं. घरी येऊन तू हे सांगताना किती हसला होतास.

त्याच सायकलवरून तू त्या दिवशी घरी आलास. दुसरी लढाई संपत आली होती, ऊस तोडायला लागले होते. मी अंगणात रेशनचा जोंधळा निवडत बसले होते. तू सायकल भिंतीला लावलीस, हात-पाय न धुता माझ्यासमोर खाली बसलास आणि सुपातले खडे वेचायला लागलास. मी म्हटलं, पाय धू आधी. तू म्हणालास, आक्का, आज एक गंमत झाली. शाळेची कौलं फुटलीत ते त्याला सांगत येत होतो. गुऱ्हाळाच्या वळणावर वाटलं की मागे कॅरियरवर बसवलेल्या माणसाशी आपण बोलतोय आणि तो केव्हाच कुठेतरी उतरून गेलाय. मी खरंच मागं वळून बघितलं, असं म्हणालास. आणि मग सभेतली ती तुझी पुस्तकी भाषा गळून गेली, दादांच्या घरातली बोली आली.

"आक्का, पलीकडं कुनी न्हाई गं."

मी म्हटलं ऊन लागलं असेल, ताक घे. तू ताक घेतलंस. मला वाटलं झालं.

ते काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, आठवड्यानं तसंच, पाऊसकाळ आला-गेला तरी तसंच. मी किती कारणं शोधली. मार्था बाळंतपणात गेली तेव्हा तू कोसळला होतास, पण तेव्हा तू देवाला असं धारेवर धरलंस की मला भिंतीपलीकडून ऐकून घाम फुटायचा. तेव्हा तो होता. ह्या वेळी काहीसुद्धा घडलं नव्हतं. कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही, तुझा विश्वास डळमळवणारं कुणी भेटलं नाही. मी विचारलं, तुमचं भांडण झालंय का? तू म्हणालास, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो.

इथून आपलं भांडण लागलं, तुझं आणि माझं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, मग सोड हे काम. साताऱ्याला जाऊ, तू शाळेत शिकव, मी दोन घरची शिवणं घेईन. नाहीतर मंडळीपुढे उभा राहून सांगून टाक, माणसं काही तुला खात नाहीत. तू दोन्हींना नाही म्हणायचास. माझा तोल जायचा. मी म्हटलं, जे तुझ्या ताटात नाही ते लोकांना वाढतोस कसा? वाईट बोलले मी ते, पण आजही तेच विचारीन. तू चिडला नाहीस. म्हणालास, "त्येंच्याकडं हाय गं. हौसाबाई बोलती तवा समोर कुनीतरी असतंय. मला दिसतंय. माज्याच अंगाचं दार लागलंय."

मग मी म्हटलं, माझ्या अंगाचं तर उघडं आहे, तिथून ये की. तू हसलास. भूक माझी आणि जेवायचं तू, असं कसं चालेल म्हणालास. आणि लगेच उठून हौसाबाईच्या जावयाकडे गेलास, त्याची समजूत घालायला, देवाचं नाव घेत. मी चुलीपुढे बसून चरफडले. शमू, एवढं कोरडं पडलेलं माणूस दुसऱ्याला इतकं पाणी कसं देऊ शकतं हे मला तेव्हाही कळलं नाही. तुझ्या त्या दोन-तीन वर्षांत गावात जितकी माणसं प्रार्थना करायला शिकली तितकी आधी कधी शिकली नव्हती. हे देवाला ठाऊक नसेल असं नाही. मग तुझ्याशी एक शब्द बोलायला त्याचं काय जात होतं?

मी हे त्याला विचारलं. रोज विचारलं. माझ्या बाजूनं तो होताच, त्यामुळे विचारायला मला अडचण नव्हती. मी माझं काही मागणं बंद केलं. गुडघे दुखतात ते सांगणं बंद केलं. एकच लावून धरलं की माझ्या भावाशी एकदा बोल. त्याला नोकरी नको, आयुष्य नको, काही दाखवू नकोस, नुसतं कळू दे की तू आहेस. तो ऐकून घ्यायचा. मला ते कळायचं, नदीवर कळलं होतं तसंच. आणि संध्याकाळी तू सायकल भिंतीला लावलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघायची आणि तू मान हलवायचास, नाही म्हणून. मी भाकरी थापायला घ्यायची.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. इस्पितळात डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि शिवून टाकलं, घरी न्या म्हणाले. सांगलीच्या मंडळीनं चर्चच्या मागची खोली दिली. इथली माणसं चांगली, त्यांना बोल लावायला जागा नाही. दूध आणतात, पाणी भरतात. आणि रोज संध्याकाळी तुझ्या खाटेभोवती साखळी प्रार्थनेला बसायला लागली. इथल्या सभांना येऊन तू शिकवलेली तुझीच रीत, तुझ्याच खाटेपाशी. तुझा डावा हात भास्कररावांच्या हातात, उजवा माझ्या. एकेक जण बोलत बोलत पाळी तुझ्यापर्यंत यायची, आणि तू माझा हात दाबायचास.

आजारी माणूस, बोलवत नसेल, असंच सगळ्यांना वाटायचं. पण हात दाबून झाला की पुढे बोलायचं मला, आणि पहिल्या दिवशी माझ्या तोंडून माझं निघालंच नाही. तुझं निघालं. तू सायकलवर बोलायचास तसं, कौलांचं, पोरांच्या पाट्यांचं, तात्याबाच्या खोकल्याचं, मधे थांबून, मधे त्याला दोन शब्द सुनावून. ऐकणाऱ्या बायका रडल्या. म्हणाल्या, आक्काबाईच्या तोंडून पाळकसाहेबच बोलले. तेव्हापासून रोज तेच. तू छताकडे बघत पडायचास, डोळे उघडे. सगळे गेल्यावर मला म्हणायचास, आज काय मागितलं गं मी? मी सांगायची. एकदा म्हणालास, कौलांचं किती दिवस मागणार आहे मी, जरा दुसरं काहीतरी माग. आपण दोघं हसलो, आणि हसताना तुझे टाके दुखले.

तू असा गप्प पडून राहतोस ह्याचा भास्कररावांनी आपल्या मनानं अर्थ लावला. ते बाहेर सांगायला लागले की पाळकसाहेब आता शब्दांच्या पलीकडे गेलेत, त्यांचं देवाशी आतल्या आत चालू असतं. ते ऐकून लोक जास्तच यायला लागले. खोलीत शिरताना वहाणा काढून यायचे. आपल्याच मंडळीनं हे करावं? ज्यांना तू शिकवलंस की बोलवत नसेल तर हात दाबा, त्यांना तुझा हात दाबलेला कळू नये? दोनदा माझ्या जिभेवर आलं होतं. तू डोळ्यांनी नको म्हणालास.

तात्याबा आला तो दिवस मी विसरणार नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, मुंडासं काढलं, हात जोडले आणि म्हणाला, "देवा, म्या तात्याबा. पाळकसायब आता आमच्या गावात न्हाईत बरं का. सांगलीला हायती, चर्चच्या मागच्या खोलीत, दारात लिंबाचं झाड हाय. हितं ये. तिकडं जाऊन माघारी फिरू नगंस." कुणी हसलं नाही. तो गेल्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालास की तात्याबाला काही सांगू नकोस; पत्ता त्यानं बरोबर दिलाय, येणारंच कुणी नाही. तुझे खांदे हलत होते. मी तुला तिशीनंतर रडताना बघितलं नव्हतं, शमू. मार्थाच्या वेळीसुद्धा तू ओरडला होतास, रडला नव्हतास. मी तुझ्या पाठीला तेल लावत बसले आणि मनात त्याच्या पाया पडत राहिले. एकदा, फक्त एकदा. आता वेळ राहिली नाही, आता तरी.

मग ती सकाळ. बायका गाणं म्हणत होत्या. भास्करराव पवित्र शास्त्र वाचत होते. तुझे ओठ हलले. भास्कररावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, बापाशी बोलतायत. माणसांनी माना खाली घातल्या. मी कान तुझ्या तोंडाशी नेला. तू म्हणत होतास, आक्का. मी म्हटलं, काय रे? तू पुन्हा म्हणालास, आक्का. मी कापूस पाण्यात बुडवून ओठांना लावला. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले, आवाज आला नाही. ती ही साक्ष, बाबा. तू मला हाक मारत होतास. जगातून जाताना माझ्या भावानं माझं नाव घेतलं ह्याचा मला आनंद होत नाही असं कसं म्हणू? जन्मभर पुरेल एवढा आहे तो. पण त्या जागी मी कोण? त्या हाकेला ओ द्यायला दुसरंच कुणी यायला हवं होतं, आणि मी त्याला किती विनवलं होतं.

तुला बघायला गावाहून आलेली हौसाबाई तुझे डोळे मिटत होती आणि मी आत म्हणत होते, अजून अंग गरम आहे, अजून चालेल, अजून बोल. तुझी शिकवण मी एवढी ताणली. मग अंग गार झालं आणि मी थांबले. मागायचं ते जिवंतपणी, तू सांगितलं होतंस. मला कुणी सांगत नाही की तुला पलीकडे गेल्यावर कुणी भेटलं का. भास्कररावांना विचारलं तर ते हो म्हणतील, त्यांचं काय जातंय. मी तुझी पाठराखीण, मीच नेमकी बाहेर राहिले.

दोन आठवडे मी पाळलं ते. तुझं नाव प्रार्थनेत घेतलं नाही. कुणाच्या शेळीसाठी मागितलं, कुणाच्या जावयासाठी मागितलं. आज पहाट झाल्यावर चूल पेटवली आणि मला ते सोसेना. तवा खाली उतरवला, तशीच पिठाच्या हातांनी बसले आणि म्हटलं, देवा, तो चुकला, मी चुकते, काय नियम असेल तो तुझा तुला लखलाभ. माझा भाऊ तुझ्याकडे आला आहे. आता तरी त्याच्याशी बोललास का? तेवढं मला सांग, मी पुन्हा काही विचारणार नाही.

आणि शमू, समोर कुणी नव्हतं.

बसऱ्याच्या बातमीनंतर, नदीवरच्या त्या दिवसापासून आजवर असं एकदाही झालं नव्हतं. तो रागावलेला असायचा, गप्प असायचा, पण असायचा. आज चूल होती, तवा होता, बाहेर कुणीतरी नळावर भांडत होतं, आणि बाकी काही नाही. पुन्हा हाक मारली. माझाच आवाज मला ऐकू आला आणि लाज वाटली. तू ह्याच्यात इतकी वर्षं उठत-बसत होतास, माणसांना धीर देत होतास, माझ्या हातचं जेवून बरं झालंय म्हणत होतास, आणि मी तुला ताक घे म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बायकांची सभा आहे. भास्कररावांनी निरोप पाठवलाय की आता पाळकसाहेबांच्या जागी आक्काबाईंनी प्रार्थना शिकवावी, त्यांच्याइतकं देवाशी बोलणं कुणाला जमत नाही. मी जाईन. हौसाबाई अजून गावी परतली नाही, तिच्यासाठी जाईन, तिच्या बाजूला तो अजून असेल. पण तुला त्या दिवशी अंगणात येऊन निदान मला सांगता आलं रे. सुपाच्या पलीकडे मी बसले होते. मी कुणाला जाऊन सांगू?